ओआरएसचा व्हिडिओ : गावपातळीवर मोबाइलवरून आरोग्यशिक्षण कसे करावे

पावसाळ्याच्या तोंडावर अतिसार नियंत्रणाची मोहीम सुरू झाली की आशा, अंगणवाडी सेविका आणि गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) यांच्या मोबाइलवर व्हिडिओंची रीघ लागते. त्यांतले बरेचसे न पाहताच पुढे पाठवले जातात, आणि एखाद्या घरातली आई ओआरएस (जुलाबात पाजायचे मीठ-साखरेचे पाणी) योग्य रीतीने कालवायला शिकली, असे त्यांतल्या फारच थोड्यांबद्दल म्हणता येते. आपल्या गावासाठी स्वतः व्हिडिओ तयार करून तो उपयोगी पडेल अशा रीतीने दाखवायचा असेल, तर काय करावे याचे हे मार्गदर्शन आहे. उदाहरण ओआरएसचे घेतले असले, तरी हीच रीत लोहाच्या गोळ्या किंवा स्तनपान यांसारख्या विषयांनाही चालते.

आधी कृती ठरवावी

‘जुलाबाविषयी माहिती’ हा व्हिडिओचा विषय होऊ शकत नाही. ‘एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यात कालवून बाळाला चमच्याने पाजणे’ हा होऊ शकतो. व्हिडिओ पाहून झाल्यावर बाईने हाताने नेमके काय करून दाखवावे, हे एका वाक्यात लिहिता आले नाही, तर चित्रीकरण सुरूच करू नये. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात सुमारे सव्वा कोटी घरी जाऊन मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. तेथे सुरुवातीला आईने लक्षात ठेवायचे मुद्दे दहा होते, ते पुढे सातवर आणले गेले. समोर बसून शिकवतानाही दहा मुद्दे जड जात असतील, तर दीड मिनिटाच्या व्हिडिओत एक पुरे.

त्यानंतर हा व्हिडिओ कोणाच्या हातातल्या फोनवर पाहिला जाणार आहे, याचा विचार करावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता, आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या महिला सुमारे ३३ टक्के होत्या. तेव्हापासून चित्र सुधारले आहे, हे खरे. तरीही स्मार्टफोन घरधन्याच्या खिशात आणि बाळ आईच्या कडेवर, ही स्थिती अनेक घरांत आजही आहे. म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवले म्हणजे पोहोचले, असे धरून चालू नये. व्हिडिओ मुख्यतः अंगणवाडीत, ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनी एकत्र बसून दाखवण्यासाठी करावा.

चित्रीकरण

डॉक्टरांचा चेहरा दाखवून त्यांचे भाषण ऐकवण्याचा मोह आवरावा. पडद्यावर हात दिसले पाहिजेत, आणि तेही गावातल्याच बाईचे, गावातल्याच भांड्यांसह. क्रम असा ठेवावा : साबणाने हात धुणे, एक लिटरच्या बाटलीने मोजून स्वच्छ पाणी पातेल्यात ओतणे, पुडी कापून ती संपूर्ण रिकामी करणे, विरघळेपर्यंत ढवळणे, झाकण ठेवणे, आणि वाटी-चमच्याने बाळाला पाजणे. कालवलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे, हे वाक्य झाकण ठेवण्याच्या दृश्यावरच बोलावे.

यात सर्वांत जास्त वेळ पाण्याच्या मापाला द्यावा, कारण चूक तेथेच होते. सरकारी केंद्रातून मिळणारी पुडी एक लिटरसाठी असते, तर औषधाच्या दुकानात २०० मिलिलिटरसाठीची लहान पुडीही मिळते. ‘एक पुडी, एक लिटर’ एवढेच सांगितले, तर लहान पुडी लिटरभर पाण्यात टाकली जाते आणि पाणी पातळ होते. उलट मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर ते इतके खारट होते की बाळाच्या शरीरातील मिठाचे प्रमाण धोकादायक रीतीने वाढू शकते. त्यामुळे दोन्ही पुड्या शेजारी ठेवून, त्यांवर पाण्याचे माप कोठे छापलेले असते त्यावर बोट ठेवून, कॅमेरा जवळ नेऊन दाखवावे. दुकानातल्या गोड, रंगीत पेयाचा खोका हा ओआरएस नव्हे, हेही याच ठिकाणी सांगावे. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली आहे.

भाषा बैठकीची नको, घरातली हवी. ‘अतिसार’ म्हणून कोणी दवाखान्यात येत नाही. कोठे जुलाब, कोठे ढाळ, कोठे हगवण म्हणतात, तेव्हा आपल्या भागात जे म्हणतात तेच व्हिडिओत यावे. मेळघाटात कोरकू, धुळे-जळगावकडे अहिराणी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या बाईकडूनच निवेदन करून घ्यावे. प्रमाण मराठीतला मजकूर तिला वाचायला देऊ नये. मुद्दे तोंडी सांगून तिच्या शब्दांत बोलू द्यावे, म्हणजे निवेदन पाठ केल्यासारखे वाटत नाही.

आवाजाकडे चित्रापेक्षाही अधिक लक्ष द्यावे. चित्र थोडे धूसर असले तर चालून जाते, पण पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाट यांत शब्द बुडाला की पाहणारीचे लक्ष उडते. दृश्ये आधी घ्यावीत आणि निवेदन नंतर, दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत, वायरच्या इअरफोनचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरून वेगळे ध्वनिमुद्रित करावे. फोन उभा धरावा, प्रकाश पाठीमागून न येता हातांवर पडेल असे बसावे, आणि लांबी दीड मिनिटाच्या पुढे जाऊ देऊ नये. फाइल लहान असली की कमी डेटा असलेल्या फोनवरही ती उतरते. व्हिडिओत दिसणाऱ्या बाईची लेखी संमती घ्यावी. आजारी बाळाचा चेहरा मात्र संमती असली तरी दाखवू नये, कारण एकदा पुढे गेलेला व्हिडिओ परत घेता येत नाही.

औषधाचा प्रत्येक आकडा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवल्याशिवाय व्हिडिओ बाहेर पाठवू नये. जुलाबात ओआरएसबरोबर द्यायच्या झिंकचेच पाहा : दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढच्या मुलांना २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस. संगणकाकडून संहिता लिहून घेण्याची सोय आता झाली असली, तरी अशा आकड्यांची जबाबदारी तो घेत नाही.

दाखवताना

फोनच्या स्वतःच्या आवाजावर आठ-दहा जणींपेक्षा मोठा गट सांभाळता येत नाही. त्यासाठी छोटा ब्लूटूथ स्पीकर बरोबर ठेवावा. पाणी मोजण्याच्या दृश्यावर व्हिडिओ थांबवावा आणि विचारावे, ‘तुमच्या घरात एक लिटर कशाने मोजाल?’ कोणी तांब्या म्हणेल, कोणी गडवा. मग पाण्याच्या रिकाम्या बाटलीने लिटरभर पाणी मोजून त्याच भांड्यात ओतावे. तांब्या काठोकाठ भरूनही बाटलीत पाणी उरले, की ते पाहून बायका आपापसांत बोलू लागतात, आणि शिक्षण खरे तेव्हा सुरू होते. ज्या पातेल्यात लिटरभर पाणी मावते, त्यावर आतून त्या उंचीला खिळ्याने रेघ ओढून घ्यावी. घरी गेल्यावर ती रेघच उपयोगी पडते.

त्यानंतर प्रत्यक्ष कालवून घ्यावे, शिकवणाऱ्याने हात न लावता. बाळाला उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू चमच्याने पाजावे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे, हे या वेळी तोंडी सांगितलेले पुरते. धोक्याच्या खुणा मात्र स्वतंत्र सांगाव्यात : शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, बाळ सुस्त पडणे, पाणीही न पिणे. यांपैकी काहीही दिसले, तर व्हिडिओ किंवा घरगुती उपाय यांत वेळ न घालवता १०८ वर फोन करावा.

व्हॉट्सअॅप, किलकारी आणि भोंगा

व्हॉट्सअॅप गटात व्हिडिओ पाठवताना सोबत त्याच आशयाचा अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश टाकावा. वाचता न येणाऱ्या सासूबाईही तो ऐकतात, आणि बाळाला काय पाजायचे हे अनेकदा त्याच ठरवतात. दोन बाणांची खूण असलेला, अनेकदा पुढे गेलेला संदेश गटात आला, तर नुसते ‘हे खोटे आहे’ न लिहिता त्याच दिवशी आपल्या आवाजात खरे काय ते सांगावे. कोणाच्या तपासणीचे कागद गटात टाकू देऊ नयेत.

साधा फोन असलेल्या गर्भवतींसाठी केंद्र सरकारची किलकारी सेवा उपयोगी आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला ध्वनिसंदेशाचा फोन येतो; महाराष्ट्रात ती २०२४ मध्ये सुरू झाली. नोंदणीच्या वेळी दिलेला क्रमांक नवऱ्याचा असला, तर तो फोन बाईपर्यंत पोहोचत नाही, म्हणून गृहभेटीत तो क्रमांक तपासून दुरुस्त करून घ्यावा. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सत्राचा दिवस आणि वेळ सांगावी. कृती शिकवण्यासाठी तो उपयोगाचा नाही.

परिणाम तपासणे

व्हिडिओ किती जणांनी पाहिला, हा आकडा अहवालात छान दिसतो आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘ब्रॅक’ने शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा मोबदलाच आईला काय आठवते आणि तिने केलेले पाणी प्रयोगशाळेत कसे ठरते, यांवर अवलंबून ठेवला होता, तपासणारी माणसेही वेगळी असत. आपल्याकडे प्रयोगशाळा नसली, तरी पंधरा दिवसांनी काही घरांत दुसऱ्या गावच्या आशाताईंनी जाऊन एवढे पाहावे : घरात पुडी आहे का, पाणी कशाने मोजतात, आणि कालवून दाखवता येते का. प्रत्येक घरात नेमकी कोणत्या पायरीवर अडचण आली, ते वहीत लिहावे. बहुतेकींची अडचण एकाच पायरीवर निघाली, तर संपूर्ण व्हिडिओ नव्याने करण्याची गरज नसते. तेवढे एक दृश्य पुन्हा चित्रित करून जोडावे, जुनी फाइल गटातून काढून टाकावी आणि नव्या फाइलच्या नावात तारीख घालावी, म्हणजे पुढच्या सत्रात चुकून जुनाच व्हिडिओ दाखवला जाणार नाही.