किनाऱ्याने चालताना गुडघा आणि टाच दोन्ही गेले होते, असं सावरलं

लहान मुलांच्या कॅन्सर उपचारांसाठी पैसे जमवायचे म्हणून समुद्राच्या कडेकडेने 10 दिवस चालायला निघाले, रोज साधारण 20 किलोमीटर. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आणि समुद्राकडचा गुडघा इतका ठणकायला लागला की पाऊल टाकवेना. लोकांनी विश्वासाने पैसे दिलेत, अर्ध्यातून कसं परतायचं, रात्रभर हेच डोक्यात.

मग लक्षात आलं की मी भरतीच्या वेळी वरच्या तिरक्या, भुसभुशीत वाळूतून चालत होते, म्हणजे एक पाय कायम खाली. ओहोटीला खालची ओली वाळू सपाट आणि घट्ट असते. मग रोज भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघायला लागले. ही वेळ दररोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे अलार्मही रोज बदलायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा खडकांच्या टोकाला वळसा पाणी उतरत असतानाच घालायचा, चढत असताना अजिबात नाही, हे फार महत्त्वाचं आहे.

फोडाचं कारण मोज्यातली ओली वाळू. दर तासाला बूट काढून झटकायचे, पाय अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे पुसायचे, मोजे बदलायचे आणि जिथे नुसतं गरम लागतंय तिथे फोड यायच्या आधीच टेप. दोन दिवसांत गुडघा शांत झाला आणि चालणं पूर्ण झालं. फोडाची कातडी मात्र सोलू नका, मी सोलली होती आणि ती जागा शेवटपर्यंत चुरचुरली.