लंडनची जागा, बडोद्याची कंपनी : नोंदणीतील या चुका टाळा

ब्रिटनमध्ये ज्यांच्या नावावर जमीन किंवा इमारत आहे, अशा परदेशी कंपन्यांनी आपले खरे मालक कोण हे कंपनीज हाउसकडे, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाकडे, नोंदवलेच पाहिजे, असा कायदा तिथे २०२२ साली झाला आणि १ ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र नोंदवही सुरू झाली. बडोद्यात कंपनी सचिव म्हणून काम करताना मला दिसते की, पहिली चूक ‘परदेशी’ या शब्दापाशीच होते. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीने आपल्या लंडन शाखेसाठी कार्यालय घेतले, तर आपल्या दृष्टीने ते कार्यालय परदेशात असते. तिथल्या कायद्याच्या दृष्टीने मात्र परदेशी ठरते ती आपली कंपनी. घर स्वतःच्या वैयक्तिक नावावर असेल, तर ही नोंदणी लागत नाही.

‘आमची जागा जुनी आहे’ हे कारणही चालत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी १९९९ पासून घेतलेल्या जागा, तर स्कॉटलंडमध्ये ८ डिसेंबर २०१४ पासून घेतलेल्या जागा या नियमात येतात. जुन्या मालकांसाठीची मुदत ३१ जानेवारी २०२३ रोजी संपली. ती हुकली असेल, तर गप्प न बसता तिथल्या वकिलाच्या सल्ल्याने तत्काळ नोंदणी करावी, कारण नोंदणी नसलेल्या कंपनीला ती जागा विकताना, तारण ठेवताना किंवा इंग्लंड-वेल्समध्ये सात वर्षांहून अधिक काळ भाड्याने देताना लँड रजिस्ट्रीत, म्हणजे तिथल्या जमीन नोंदणी कार्यालयात, अडथळा येतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो खरा मालक ठरवताना. २५ टक्क्यांहून अधिक भाग (शेअर) किंवा मताधिकार, बहुसंख्य संचालक नेमण्याचा वा काढण्याचा हक्क, अथवा कंपनीवर महत्त्वाचा प्रभाव किंवा नियंत्रण, यांपैकी काहीही असलेली व्यक्ती खरी मालक मानली जाते. आपल्याकडच्या घरगुती कंपन्यांत चार भावांचे प्रत्येकी नेमके २५ टक्के भाग असतात, आणि कोणीच २५ टक्क्यांच्या वर नाही म्हणून यादी कोरी ठेवली जाते. परंतु सर्वांनी मिळून ठरलेल्या पद्धतीनेच मत द्यायचे अशी व्यवस्था असेल, मग ती कागदावर असो वा केवळ घरातल्या रीतीने चालत आलेली असो, तर प्रत्येकाच्या नावे सगळ्यांचे एकत्रित भाग धरले जातात. काकूंच्या नावावर भाग नावापुरते असतील, तर ते ज्याच्या वतीने धारण केले आहेत त्याचे मानले जातात. आणि एकही भाग नसलेले थोरले काका सारे निर्णय घेत असतील, तर प्रभावाच्या कसोटीवर त्यांचाही विचार करावा लागतो. खरोखरच कोणी मालक ठरत नसेल, तर संचालकांसारख्या व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांचा तपशील द्यावा लागतो. भारतात कंपनीच्या खऱ्या मालकांची माहिती सरकारला देण्याच्या बेन-२ अर्जासाठी केलेली यादी तशीच तिकडे पाठवणे हीसुद्धा चूकच आहे, कारण आपल्याकडची मर्यादा १० टक्क्यांची आहे आणि दोन्ही कसोट्या वेगळ्या आहेत.

अर्जापूर्वी संभाव्य मालकांना माहिती मागणारी नोटीस देऊन उत्तरासाठी एक महिन्याची मुदत द्यायची असते. घरातल्याच माणसांना नोटीस कशाला, असे म्हणून ही पायरी वगळू नये.

त्यानंतर येते पडताळणी. ती आपल्या नेहमीच्या सनदी लेखापालाकडून होत नाही. ब्रिटनमधील मनी लाँडरिंगविषयक नियमांखाली देखरेख असलेल्या व्यावसायिकाकडूनच ती करून घ्यावी लागते आणि अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतच झालेली असावी लागते. इथे मराठी नावे हमखास अडतात. पासपोर्टवर एक स्पेलिंग, भागधारकांच्या नोंदवहीत दुसरे, कुठे वडिलांचे नाव मध्ये तर कुठे आडनाव आधी, लग्नानंतर बदललेले नाव एकाच कागदावर, असे असेल तर कागदपत्रे परत येतात आणि तीन महिन्यांपैकी बराच काळ त्यातच जातो. म्हणून पासपोर्टवरील नाव प्रमाण मानून कंपनीच्या नोंदी आधी दुरुस्त कराव्यात आणि मगच पडताळणीला सुरुवात करावी. जन्मदिवस आणि राहता पत्ता लोकांना दाखवला जात नाही, केवळ जन्माचा महिना आणि वर्ष दिसते. त्यामुळे घरच्या ज्येष्ठांनी पत्ता द्यायला कचरण्याचे कारण नाही.

नोंदणी झाली, क्रमांक मिळाला, की फाइल कपाटात जाते, आणि पुढच्याच वर्षी दंडाची वेळ येते. दर बारा महिन्यांचा काळ संपल्यावर चौदा दिवसांच्या आत अद्ययावत निवेदन भरावेच लागते, काहीही बदललेले नसले तरी. चुकल्यास कंपनी आणि तिचे जबाबदार अधिकारी दोघांवरही गुन्हा दाखल होऊ शकतो, शिवाय दररोज २,५०० पौंडांपर्यंत दंड वाढत जाऊ शकतो. ही तारीख संचालकांच्या वैयक्तिक मोबाइलमध्ये नव्हे, तर कंपनीच्या वार्षिक सभेच्या कॅलेंडरमध्येच लिहून ठेवावी, म्हणजे माणूस बदलला तरी ती राहते.

जागा विकली की कर्तव्य आपोआप संपते, हाही गैरसमज आहे. नोंदवहीतून नाव काढण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत वार्षिक निवेदन चालूच ठेवावे लागते.