मुलाला एडीएचडीचं औषध सुरू करायचं का? ठरवायचं कसं

‘गोळी सुरू करायची की नाही’ हा प्रश्न कितीतरी घरांत महिनोन् महिने घोळत राहतो, कारण त्याकडे आयुष्यभराचा निर्णय म्हणून पाहिलं जातं. तो तसा नसतो. एडीएचडीत, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा आणि उतावळेपणा असलेल्या विकारात, सर्वाधिक वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध तासाभरात काम करू लागतं आणि साधी गोळी असेल तर चारेक तासांत त्याचा अंमल उतरतो. दुसऱ्या दिवशी गोळी दिली नाही, तर मूल पूर्वी होतं तसंच असतं. म्हणून आपल्यापुढचा खरा प्रश्न लहान आहे: काही आठवडे, नीट नोंदी ठेवून, औषध देऊन बघायचं का? आणि काय दिसलं तर ते पुढे चालू ठेवायचं?

त्याआधी निदान पक्कं हवं. लक्षणं किमान 6 महिने टिकलेली, 12 वर्षं वयाच्या आधीपासूनची आणि एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसायला हवीत. त्रास फक्त वर्गातच असेल तर आधी वाचन-लेखनाची अडचण आहे का, कोणी त्रास देतं का, हे पाहावं. रात्री जोरात घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडखळणाऱ्या मुलाचं लक्ष दिवसा लागणारच नाही. ऐकणं आणि नजर तपासलेली असावी. मधेच काही सेकंद एकटक बघत थांबणं, हाक मारून, हात लावूनही भान न येणं हा अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) एक प्रकार असू शकतो. तो वेगळा आजार आणि त्याचे उपचारही वेगळे. ‘गोळीने फरक पडला, म्हणजे एडीएचडीच होता’ हा तर्क चुकीचा आहे. उत्तेजक औषधाने एडीएचडी नसलेल्यांचंही लक्ष काहीसं वाढतं.

वयाचाही विचार करावा लागतो. 6 वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपाय औषध नव्हे, तर पालकांनी वर्तन हाताळण्याचं रीतसर प्रशिक्षण घेणं हा आहे. इतक्या लहान वयात दुष्परिणामही जास्त दिसतात. 6 वर्षांपुढे औषध आणि वर्तनोपचार दोन्ही जोडीने चालावेत. पण मूल नुसतंच चळवळं, बडबडं असेल आणि अभ्यास, मैत्री, घर सगळं बरं चाललं असेल, तर औषधाची घाई नको. रस्त्यावर न बघता धावणं, वर्गात सतत मागे पडणं, एकही मित्र न टिकणं, ‘मी वाईटच आहे’ असं मूल स्वतःबद्दल बोलू लागणं, यांतलं काही असेल तर मात्र वाट बघत बसणं हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत मूल मोजतं.

डॉक्टरांकडे जाताना हृदयाबद्दलची माहिती विचारून, लिहून न्या. खेळताना मुलाला कधी भोवळ आली होती का, छातीत दुखलं होतं का, जन्मतः काही दोष सांगितला होता का, नात्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का. उत्तर ‘हो’ असेल तर औषधाआधी हृदयाची तपासणी करावी लागते. झटके येऊन डोळे मिचकावणं किंवा मान उडवणं, तीव्र चिंता, इतर चालू औषधं हेही सांगावं. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब पहिल्याच दिवशी नोंदवून घ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि बहुतेक घरांत राहून जाणारं काम: औषधाआधीच्या एका आठवड्याची नोंद. बदलायला हव्यात अशा तीनच गोष्टी निवडा आणि त्या मोजता येतील अशा लिहा. ‘आज फार त्रास दिला’ या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: सहा वाजता गृहपाठाला बसला, पेन्सिल दोनदा तासली, खोडरबर खाली पडलं, ते शोधायला टेबलाखाली गेला आणि तिथेच रमला, 20 मिनिटांत तीन गणितं, पाच वेळा आठवण करावी लागली. औषधानंतर हीच नोंद ‘आठ गणितं, एकदा आठवण’ अशी झाली, तर वाद उरत नाही.

शिक्षकांकडूनही आठवड्याला एक नोंद घ्या. वँडरबिल्टसारखी प्रश्नावली असते, तीत प्रत्येक लक्षणाला 0 ते 3 गुण द्यायचे असतात. शिक्षकांचं म्हणणं इथे फार मोलाचं, कारण सकाळच्या गोळीचा अंमल बहुतेक शाळेच्या वेळातच असतो. मूल घरी येतं तेव्हा औषध उतरत असतं, त्या तासाभरात ते चिडचिडं, रडवेलं होऊ शकतं, आणि पालकांना नेमका तेवढाच तुकडा दिसतो. ‘गोळीने बिघडलाच’ असा निष्कर्ष निघतो तो इथे.

डोस डॉक्टरच ठरवतात, पण त्याची रीत माहीत असावी. मिथाइलफेनिडेट साधारण 5 मिलिग्रॅमपासून, सकाळी किंवा सकाळ-दुपार, सुरू होतं आणि गरजेप्रमाणे दर आठवड्याला 5 ते 10 मिलिग्रॅमने वाढतं. दिवसाची नेहमीची कमाल मर्यादा 60 मिलिग्रॅम. वजनावरून योग्य डोस आधी सांगता येत नाही, तो वाढवत वाढवतच सापडतो. पहिली गोळी सुट्टीच्या सकाळी द्या, म्हणजे दिवसभर मूल नजरेसमोर राहतं. ‘औषध लागू पडलं नाही’ यामागे पुष्कळदा डोस पहिल्याच पायरीवर थांबलेला असतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात 579 मुलांवर 14 महिने वेगवेगळे उपचार झाले. दर महिन्याला बोलावून डोस नीट बसवलेल्या मुलांची मुख्य लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. आणि त्या दुसऱ्या गटातली जवळपास दोन तृतीयांश मुलंही औषध घेतच होती! फरक बराचसा देखरेखीचा होता.

भूक मंदावणं हा सर्वांत नेहमीचा त्रास. पोटभर नाश्ता गोळीच्या आधी, आणि दुसरं मोठं जेवण औषध उतरल्यावर, उशीर झाला तरी चालेल. झोप लांबत असेल तर दुपारची गोळी लवकर किंवा बंद. सकाळची गोळी विसरली आणि दुपार उलटली, तर त्या दिवशी देऊ नका. दीर्घकाळ चालणारी गोळी चावू किंवा कुटू नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. मूल गप्प, निर्विकार, हसू हरवल्यासारखं दिसलं, तर ते ‘शांत झालं’ असं समजू नका. बहुधा डोस जास्त आहे. छातीत दुखणं, भोवळ, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, जीव देण्याची भाषा: यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एडीएचडीवरच्याच ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा हिशेब निराळा. ते उत्तेजक नाही, पूर्ण परिणामाला 4 ते 6 आठवडे, कधी जास्तही लागतात. दोन आठवड्यांत निकाल लावला तर चांगलं औषध वाया जातं. सुरुवातीला मुलाच्या मनःस्थितीवर बारीक लक्ष हवं, डोळे पिवळे दिसले तर लगेच तपासणी. ग्वानफासिन आणि क्लोनिडिन ही आणखी दोन औषधं झोपाळू करतात आणि एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळतो, म्हणून ती पायरीपायरीनेच सोडायची.

मुलाला खरं सांगा: गोळी शिक्षा नाही, लक्ष टिकवायला मदत आहे, आणि कसं वाटतं हे तूच आम्हाला सांगायचं. भांडणाच्या वेळी ‘आज गोळी घेतली नाहीस का?’ असं कधीही म्हणू नका. एवढ्या एका वाक्याने मुलं औषध लपवायला शिकतात. आई-बाबांचं एकमत नसेल तर सुरू करण्याआधीच कागदावर लिहा: कोणत्या नोंदी सुधारल्या तर चालू ठेवायचं, कोणता त्रास झाला तर थांबायचं.

ठरलेल्या दिवशी दोन्ही काळांच्या वह्या शेजारी ठेवून डॉक्टरांसोबत बघा. फायदा स्पष्ट, त्रास सोसण्याजोगा, तर चालू. फायदा आहे पण त्रासही आहे, तर डोस, वेळ किंवा औषध बदलून पाहायचं. एका उत्तेजक औषधाने न जमलेल्या मुलाला दुसरं लागू पडू शकतं. चालू ठेवल्यास उंची-वजन दर 6 महिन्यांनी मोजा, वाढ थोडी मंदावू शकते. वर्षातून एकदा, डॉक्टरांना विचारून, काही दिवस औषधाविना बघा, गरज अजून आहे का ते कळतं. त्यासाठी परीक्षेचे किंवा नव्या वर्गाचे पहिले आठवडे मात्र निवडू नका.