स्पिअरमिंट तेल: किती थेंब, कशात आणि का

बाटलीवर नुसतं 'मिंट ऑइल' लिहिलं असेल तर घेऊ नका. 'मेंथा स्पायकाटा' हे स्पिअरमिंटचं, म्हणजे पुदिन्याच्या एका जातीचं, शास्त्रीय नाव दिसायला हवं. पेपरमिंटमध्ये साधारण 30 ते 50 टक्के मेंथॉल असतं, म्हणून ते थंडगार झोंबतं. स्पिअरमिंटमध्ये मेंथॉल नावापुरतंच. निम्म्याहून अधिक भाग कार्व्होन या सुगंधी घटकाचा. च्युइंगमचा तो गोडसर वास याचाच. (कार्व्होन शेपूच्या बियांतही असतं, पण त्याचा रेणू आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा, म्हणून वास पार वेगळा.)

वास सौम्य म्हणून तेलही सौम्य, असं मात्र नाही. कार्व्होनची ॲलर्जी होऊ शकते. त्यामुळे अंगाला लावताना प्रमाण 1 टक्का: 30 मिली तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात 6 थेंब. चेहऱ्यासाठी 3 पुरेत. हिशेब 1 मिलीला 20 थेंब असा धरलाय. बाटलीचं तोंड मोठं असेल तर थेंबही मोठा पडतो, तेव्हा एखादा कमीच घाला. मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास थांबा. लाल झालं, खाज सुटली तर विषय संपला.

पोट जड वाटत असेल तर हेच मिश्रण पोटावर हलक्या हाताने चोळतात. मळमळताना रुमालावर 1 थेंब टाकून हुंगणं पुष्कळांना बरं वाटतं; खात्रीचा इलाज म्हणून मात्र त्याकडे पाहू नका. डिफ्यूजरमध्ये (खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्रात) 100 मिली पाण्याला 3 थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली ठेवून. घरात मांजर किंवा तान्हं बाळ असेल तर नकोच.

सगळ्यात जास्त चूक होते ती आंघोळीच्या पाण्यात. थेंब टाकले की ते विरघळत नाहीत, वर तवंग धरतात आणि निर्भेळ तेल थेट अंगाला चिकटतं. तेव्हा आधी ते चमचाभर बिनवासाच्या लिक्विड सोपमध्ये घोटून मगच पाण्यात घाला. कातडीची आग झालीच तर नुसतं पाणी ओतून उपयोग नाही: आधी साधं खाद्यतेल लावून पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टर गाठा.

पोटात घेऊ नका. चेहऱ्यावरचे नकोसे केस आणि हार्मोन्स यांबद्दल जे प्रयोग सांगितले जातात ते पुदिन्याच्या चहाचे आहेत, तेलाचे नव्हेत. गरोदरपणी डॉक्टरांना विचारूनच वापरा.

बाटली गडद काचेची हवी, झाकण घट्ट, जागा थंड. रबरी ड्रॉपर लावून ठेवू नका. वाफेने रबर फुगून चिकट होतं. हवा लागली की तेलातलं लिमोनिन हे द्रव्य ऑक्सिडाइझ होतं आणि मग तेच त्वचेला बाधतं. गोडसरपणा जाऊन टर्पेंटाइनसारखा उग्र वास यायला लागला की ते तेल अंगाला लावायचं बंद.