मान मोडलेल्या रुग्णाला श्वासनलिकेत नळी घालण्याआधी

भुलेची औषधं भरायला घेण्याआधी रुग्णाचे हातपाय तपासून घ्या. मूठ आवळता येते का, पाय हलतो का, स्पर्श कुठपर्यंत कळतो, हे वेळेसकट केसपेपरवर लिहा. नंतर ताकद कमी झाली तर ताडून पाहायला हीच नोंद असते.

नळी घालताना मान हलू नये म्हणून एकाने डोकं धरायचं असतं; सर्वात जास्त वेळ त्या माणसावर घालवा. तळवे कानांवर, बोटं मास्टॉइडपाशी (कानामागच्या हाडापाशी), मान जशी आहे तशीच. ओढायची अजिबात नाही. तो छातीच्या बाजूने वाकून धरत असेल तर तुम्हाला डोक्याशी जागा मिळते. त्याला दुसरं कुठलंही काम सांगू नका. त्याचे हात बसले की मगच कॉलरचा (मान स्थिर ठेवणाऱ्या पट्ट्याचा) पुढचा भाग सोडा, कारण कॉलर बांधलेली असताना तोंड धड उघडत नाही.

असं धरलं की स्वरयंत्र कमीच दिसतं. म्हणून व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पडद्यावर दाखवणारं कॅमेऱ्याचं उपकरण) पहिल्याच प्रयत्नाला घ्या आणि बूजी (जिच्यावरून नळी आत सरकवायची ती बारीक लवचिक कांडी) उघडून ठेवा. स्वरयंत्राचा मागचा काठ दिसला तरी बूजी जाते. पूर्ण दिसावं म्हणून जोर लावू नका. रुग्ण शुद्धीवर, समजूतदार आणि हाताशी वेळ असेल, तर जागेपणीच फायबरऑप्टिकने (लवचिक दुर्बिणीने) नळी घालणं मला जास्त पटतं. झटापट करणाऱ्या रुग्णात तो हट्ट सोडा. कवटीच्या तळाला फ्रॅक्चरची शंका असेल तर नाकातून नळी नको.

सक्शन चालू करून पाहा. उशी नको, अख्खं टेबलच डोक्याकडून उंच करा आणि 3 मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन द्या. स्नायू शिथिल करायला रोक्युरोनियम, वजनाच्या दर किलोला 1.2 मिलिग्रॅम. मज्जारज्जूच्या इजेला 2-3 दिवस उलटले असतील तर सक्सिनिलकोलिन (हेही स्नायू शिथिल करणारं औषध) नको, पोटॅशियम धोकादायकरीत्या चढू शकतं. नाडी मंदावते, रक्तदाब कोसळतो, म्हणून नाडीसाठी अॅट्रोपिन आणि रक्तदाबासाठी नॉरअॅड्रेनलिन भरलेलं हवं.

तोंडातून नळी गेलीच नाही तर गळ्याला छेद देऊन ती घालावी लागेल, म्हणून गळ्यातला क्रिकोथायरॉइड पडदा (स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूचा पातळ भाग) आधीच चाचपून खूण करा. 10 नंबरचं ब्लेड, बूजी आणि 6 नंबरची कफवाली नळी एकाच ट्रेमध्ये. मानेला जपण्याच्या नादात ऑक्सिजन खाली जाऊ देऊ नका. ऑक्सिजन आणि रक्तदाब पडले की दुखावलेल्या मज्जारज्जूला दुसरा घाव बसतो. नळी जात नसेल तर कितव्या प्रयत्नानंतर थांबायचं, हे सगळ्यांसमोर मोठ्याने ठरवा.

कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर) लहरी सलग दिसल्या, नळी पक्की बांधली, की कॉलर पुन्हा लावा. डोकं धरणाऱ्याने हात त्यानंतरच काढायचे.