मे महिन्यात कुंड्यांना पाणी कधी घालावं?

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी झाडं माना टाकतात. लगेच पाणी घेऊन धावू नका. संध्याकाळी ती आपोआप सावरली, तर मुळाशी ओल आहे. सकाळीही मलूल दिसली, तरच तहान खरी. पाणी पहाटे, कुंडीखालून निथळेपर्यंत. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सूर्य बुडाल्यावरही चटका देतं, म्हणून बादलीत काढून रात्रभर ठेवा. मातीवर केळीची वाळलेली पानं चुरून तीन-चार बोटं जाड पसरा (आपल्याकडे त्यांना काय तोटा!), फक्त खोडाला चिकटू देऊ नका. मोगऱ्याला ऊन मानवतं. कुंडीतल्या तुळशीवर मात्र हिरवी जाळी बांधा. खत, छाटणी पाऊस पडेपर्यंत राहू द्या.