वर्गणीच्या यादीत ‘जमा’चा चेकबॉक्स: जावा स्विंगमधलं काम

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळाची वर्गणीची यादी मी जावा स्विंगमध्ये (जावा भाषेत खिडक्या, बटणं, टेबलं बनवायची साधनं) लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये ठेवते. पावती नंबर, नाव, पोळ (म्हणजे गल्ली-वस्ती), रक्कम आणि शेवटी ‘जमा’. पैसे हातात आले की खजिनदारकाकांना तिथल्या तिथे टिक मारता यायला हवी.

बरेच जण जेचेकबॉक्स, म्हणजे स्विंगचा टिकचा चौकोन, तयार करून थेट टेबलात टाकतात. मग चौकोनाच्या जागी लांबलचक अगम्य मजकूर दिसतो. जेटेबल (स्विंगचं टेबल) खरं बटण वगैरे काही ठेवत नाही, मॉडेलमधली, म्हणजे टेबलाचा डेटा सांभाळणाऱ्या भागातली, व्हॅल्यू बघून चित्र काढतं. तेव्हा मॉडेलमध्ये फक्त ट्रू किंवा फॉल्स ठेवा.

तरीही चौकोन येणार नाही, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ अशी अक्षरंच येतील. कारण डिफॉल्टटेबलमॉडेल, म्हणजे स्विंगचं तयार मॉडेल, प्रत्येक कॉलमचा प्रकार ऑब्जेक्ट (कुठलीही वस्तू) असाच सांगतं. कॉलमचा प्रकार सांगणारं गेटकॉलमक्लास ओव्हरराइड करून (म्हणजे आपलं स्वतःचं लिहून) ‘जमा’साठी बूलियन क्लास, म्हणजे ट्रू-फॉल्सचा प्रकार, परत द्या. मोजणी शून्यापासून, म्हणजे आमच्या यादीत तो कॉलम ४. एवढं केलं की चौकोन दिसतो आणि एका क्लिकवर टिक पडते.

या मॉडेलमध्ये बाकीचे कॉलमही बदलता येतात, हे मात्र विसरू नका. नुसत्या डबल क्लिकने ५०१ चे ५०१० होऊ शकतात. कुठला चौकोन बदलता येईल ते ठरवणाऱ्या इजसेलएडिटेबलमध्ये फक्त कॉलम ४ साठी ट्रू द्या. अ‍ॅबस्ट्रॅक्टटेबलमॉडेल हे अर्धवट मॉडेल वापरत असाल तर उलटं: तिथे सगळंच बंद असतं आणि बदललेली व्हॅल्यू साठवणारं सेटव्हॅल्यूअ‍ॅट रिकामं. ते स्वतः भरा आणि शेवटी बदल झाल्याचं कळवणारं फायरटेबलसेलअपडेटेड बोलवा. नाहीतर टिक पडेल, पण खालची एकूण जमा रक्कम हलणार नाही. ती बेरीज मी ही बदलाची सूचना ऐकणाऱ्या टेबलमॉडेललिसनरमध्येच करते.

डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये असेल तर तिथे बूलियन नावाचा वेगळा प्रकार नाही, ० आणि १ साठवतात. तो आकडा तसाच मॉडेलमध्ये गेला तर टेबल रंगवतानाच क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे प्रकार न जुळल्याची चूक, येतं. वाचतानाच ट्रू-फॉल्स करून घ्या. नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही) राहिलं तर चौकोन रिकामा दिसतो, त्यामुळे शंका येत नाही, आणि बेरीज करताना प्रोग्रॅम अडतो.

काका यादी पोळनिहाय लावून बघतात. अशा वेळी टिक योग्य ओळीवरच पडते, ते जेटेबल सांभाळतं. पण ‘पावती छापा’ या बटणामागे तुम्ही निवडलेली ओळ सांगणारं गेटसिलेक्टेडरो वापरलंत तर मिळतो तो पडद्यावरचा क्रमांक. कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेल वापरून त्याचा मॉडेलमधला क्रमांक काढल्याशिवाय तो मॉडेलला देऊ नका. एकाची पावती दुसऱ्याच्या नावावर निघेल.

टेबलाच्या वरच्या, कॉलमच्या नावांच्या पट्टीत ‘सगळ्यांना टिक’ द्यायची मागणीही होते. निमंत्रणपत्रिकांच्या यादीत खुशाल द्या. पैशांच्या यादीत मी देत नाही, कारण एक क्लिक चुकली की अख्खी पोळ जमा दिसते आणि मग कोणाकडे वर्गणी मागायची राहिली तेच कळत नाही.